‘मस्त!’ आणि ‘कॅमेरा कुठला?’

जून संपत आला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या फोनमध्ये एकच डोंगर वेगवेगळ्या नावांनी जमा व्हायला लागतो. खाली हिरवं, वर पांढरं, मध्ये कुणीतरी पाठमोरं उभं. फोटो मित्रांना जातो आणि सोबत प्रश्न असतो, ‘कसा आहे?’ उत्तरं साधारण दोनच प्रकारची येतात. पहिलं ‘मस्त!’, ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘वॉलपेपर मटेरियल’ हे त्याचेच भाऊबंद. दुसरं ‘कॅमेरा कुठला?’ आणि फोन स्वस्तातला निघाला तर त्याला जोडून, ‘आता एक चांगला कॅमेरा घेच.’

ही दोन्ही उत्तरं फोटो न बघता देता येतात. ‘मस्त’ हे मैत्रीला दिलेलं उत्तर असतं आणि ‘कॅमेरा कुठला?’ हे खिशातल्या यंत्राला दिलेलं. फोटो तेवढा मध्ये राहून जातो. माझं म्हणणं असं की साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या हौशी लँडस्केपवर नेमकं बोलता येतं, त्यासाठी फार तांत्रिक ज्ञान लागत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून नुकसान होतं. वर्षानुवर्षं फोटो काढूनही माणसाला कळत नाही, की समोर उभं राहून आपण नेमकं काय बघतो. मग तो पैसे साठवून ६०-७० हजारांचा कॅमेरा घेतो आणि त्याच कड्यावर, त्याच जागी उभा राहून तोच फोटो जास्त पिक्सेलमध्ये काढतो. किंवा ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून सोडून देतो. दोघांनाही खरं काय ते कुणी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. प्रत्येक फोटो समीक्षेसाठी नसतो. मावशीने पाठवलेला महाबळेश्वरचा सूर्यास्त म्हणजे ‘आम्ही पोचलो, छान वाटतंय’ असं पत्र असतं. त्याला ‘मस्त’ हेच योग्य उत्तर. तिथे क्षितिज तिरकं आलंय असं सांगणाऱ्याला समीक्षक नव्हे, आगाऊ म्हणतात. हा लेख खरंच विचारणाऱ्यांबद्दल आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांबद्दल आहे.

मर्यादा म्हणजे नेमकं काय

‘साधा कॅमेरा’ हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. बऱ्याच स्वस्त फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६ बाय ४ मिलिमीटरच्या आसपास असतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा असतो ३६ बाय २४. म्हणजे क्षेत्रफळात जवळपास ३६ पटींचा फरक. प्रकाश गोळा करायला जागा कमी, म्हणून अंधार पडला की फोटो दाणेदार होतो. प्रखर उजेड आणि दाट सावली एकाच फोटोत सांभाळणंही त्याला जड जातं. दुपारी दरीच्या काठावर आकाश पांढरं फटक पडतं ते यामुळे. आकाश वाचवायला जावं तर दरी काळी होते.

लेन्सचीही एक अडचण आहे. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे लांबचा डोंगर फोटोत बारका दिसतो. ‘अरे, प्रत्यक्षात तो अंगावर येत होता, फोटोत टेकडी वाटतेय’ ही तक्रार इथूनच येते. झूम करावं तर स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा मधला तुकडा कापून मोठा केला जातो, बाकी काही नाही.

पण याच लहानपणामुळे एक गोष्ट फुकट मिळते. इतक्या छोट्या सेन्सरपुढची लेन्सही अगदी कमी फोकल लेंग्थची असते, त्यामुळे दीड-दोन मीटरवरच्या गवतापासून क्षितिजापर्यंत जवळजवळ सगळं स्पष्ट येतं. हे किती मोलाचं आहे ते कळायला १९३२ सालात जावं लागेल. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रुप एफ ६४’ या नावाखाली प्रदर्शन भरवलं. एफ ६४ म्हणजे त्यांच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यांवरचं एक अतिशय बारीक छिद्र. फोटोत पुढचं-मागचं सगळं लख्ख दिसावं हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी ट्रायपॉड लावून एवढ्याशा छिद्रातून प्रकाश येण्याची वाट बघायची त्यांची तयारी होती. लँडस्केपपुरतं बोलायचं तर यातली ही एक गोष्ट आज दहा हजारांच्या फोनमध्ये काहीही न करता मिळते. मागचं सगळं धूसर करून एकाच चेहऱ्यावर लक्ष खेचायचं असेल तर फोन लंगडा पडतो. डोंगर काढायचा असेल तर तेवढा पडत नाही.

आकाश पांढरं पडण्याचा इतिहास तर याहून जुना आहे. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला की आकाश कोरं व्हायचं. ल ग्रेने काही चित्रांसाठी दोन निगेटिव्ह काढल्या, एक आकाशाची आणि एक समुद्राची, आणि क्षितिजाच्या रेषेवर त्या जोडल्या. त्याचं एकच आकाश वेगवेगळ्या समुद्रांवरही सापडतं. आपला फोन एचडीआरच्या नावाखाली भराभर बरेच फोटो काढून एकत्र करतो, तो याच अडचणीवरचा उपाय आहे.

हे सांगण्याचं कारण असं की मर्यादा नसलेला कॅमेरा कधीच नव्हता. म्हणून अभिप्राय देणाऱ्याचं पहिलं काम छाननीचं: समोर दिसणारी उणीव कॅमेऱ्याची आहे, की काढणाऱ्याच्या निवडीची? कॅमेऱ्याच्या उणिवेसाठी माणसाला बोल लावून उपयोग नाही. आणि निवडीच्या उणिवेवर नवा कॅमेरा हे औषध नाही.

बोलायचं कशावर

निवडी म्हणजे कुठल्या? इथे एक जुनी यादी कामाला येते. जॉन झारकोव्स्की हा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्रण विभागाचा प्रमुख होता. त्याने १९६४ मध्ये ‘द फोटोग्राफर्स आय’ हे प्रदर्शन भरवलं आणि १९६६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. फोटोबद्दल विचार करायला त्याने पाच मुद्दे मांडले: समोरची वस्तू, तपशील, चौकट, वेळ आणि उभं राहण्याची जागा. या प्रदर्शनात नामवंतांच्या फोटोंशेजारी अनामिक, हौशी आणि गल्लीतल्या स्टुडिओवाल्यांचेही फोटो होते. पाचही मुद्दे दोघांनाही सारखेच लावता येतात, हे त्याने भिंतीवर टांगून दाखवलं.

आपल्या कामाची गोष्ट अशी की या पाचांत सेन्सर नाही, मेगापिक्सेल नाहीत, लेन्सची किंमत नाही. काय दाखवायचं, त्यातलं किती, कडा कुठे कापायच्या, केव्हा बटण दाबायचं आणि कुठे उभं राहून. फोन कितीचाही असो, हे पाच निर्णय माणूसच घेतो. न ठरवता घेतो तेव्हाही ते निर्णयच असतात.

या यादीत रंग आणि उजेड यांना स्वतंत्र जागा नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात अर्धी गंमत त्यातच असते. ती भर आपली आपण घालावी. पण सुरुवातीला एवढी यादी पुरेशी आहे.

एक फोटो वाचून बघू

ऑफिसातल्या एका मित्राने ऑक्टोबरमध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काढलेला फोटो मला दाखवला. सूर्यास्ताची वेळ. मधोमध त्याचा दोस्त लाल जॅकेट घालून, हात पसरून पाठमोरा उभा. समोर पांढरं झालेलं आकाश. उजवीकडे कड्याचा थोडा भाग. बाकीच्यांनी ‘मस्त’ म्हणून झालं होतं आणि फोन कुठला तेही विचारून झालं होतं. मी त्याला जे सांगितलं ते जवळपास असं:

‘माझी नजर आधी लाल जॅकेटवर गेली आणि तिथेच अडकली. कडा नंतर दिसला, तोही अर्धाच. तुला दोस्त दाखवायचा होता की कडा? दोस्त दाखवायचा असेल तर फोटो ठीक आहे, फक्त मग थोडा जवळ जा. कडा दाखवायचा असेल तर बघ, त्याचं वेगळेपण उंचीइतकंच त्याच्या आकारात आहे. तो वाटीसारखा आत वळलाय. तू उजवी बाजू कापलीस म्हणून वाटीची नुसती भिंत झाली. आकाश पांढरं झालं त्यात फोनची चूक आहेच, पण तू त्याला थेट सूर्यासमोर धरलंस. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे त्या वेळी तेच ऊन कड्याच्या भिंतीवरही येत होतं. कॅमेरा सूर्यावरून काढून भिंतीकडे वळवला असतास तर फोनलाही सोपं गेलं असतं. आणि दोस्त नकोच असं नाही. तो लांब, पलीकडच्या बाजूला, काठापासून आत उभा असता तर नखाएवढा दिसला असता, आणि कडा केवढा आहे ते त्याच्यावरून कळलं असतं.’

यात मी चित्रकलेतलं काहीच बोललो नाही. एक, माझी नजर आधी कुठे गेली ते सांगितलं. ही गोष्ट फोटो काढणाऱ्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही, कारण तो तिथे उभा होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे अख्खा कडा आहे. दोन, त्याला काय दाखवायचं होतं ते विचारलं. तीन, फोनची चूक आणि त्याची निवड वेगळी केली. चार, सुचवलेल्या बदलांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत. दहापैकी गुण मात्र दिले नाहीत, कारण साडेसहा गुण मिळवून पुढच्या वेळी नेमकं काय करायचं, हे कुणालाच कळत नाही.

‘काठापासून आत’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. कड्यावरच्या फोटोंना आपण जी दाद देतो त्यात धोक्याला दिलेली दाद मिसळलेली असते. पाय दरीत सोडून बसलेला फोटो ‘कडक’ ठरतो आणि सुरक्षित जागेवरून काढलेला, जास्त विचार केलेला फोटो तसाच निसटून जातो. पुढच्या शनिवारी त्याच काठावर आणखी कुणीतरी जाऊन बसतं. सह्याद्रीत पावसाळ्यात काठावरचं गवत निसरडं असतं आणि खालची माती भुसभुशीत. ‘अजून थोडं पुढे जायला हवं होतंस’ असं म्हणणाऱ्याने पुढे जमीन होती का, ते आधी विचारावं.

दाद कुणाला

‘कलर्स काय आलेत!’ ही आणखी एक नेहमीची दाद. हल्लीचे फोन समोर काय आहे ते ओळखतात आणि त्याप्रमाणे फोटो बदलतात. गवत असेल तर हिरवा चढवतात, आकाश असेल तर निळा. सावल्या उजळतात, उजेड दाबतात. दाणे पुसायच्या नादात लांबचं गवत असं करतात की ओल्या रंगावरून बोट फिरवलंय असं वाटावं. यातले बरेच निर्णय कुठल्यातरी कंपनीतल्या टीमने, सह्याद्री न बघता, केव्हाच घेऊन ठेवलेले असतात. तेव्हा ‘कलर्स काय आलेत’ ही दाद बरीचशी त्या टीमकडे जाते. माझ्यासारख्या इंजिनिअरांना त्याचा आनंदच आहे, पण फोटो काढणाऱ्याला त्यातून काही शिकायला मिळत नाही.

उलट काही वेळा त्याच्या हातातली गोष्ट निसटते. आपल्या घाटातला पाऊस बहुतेक वेळा करडा असतो. धुक्यात मागची रांग पुसट होत जाते, झाडाचा हिरवा जवळजवळ काळा दिसतो. भर पावसात राजमाचीला गेलेल्या माणसाला हे माहीत असतं. फोन मात्र धुकं कापून, हिरवा चढवून, सगळं स्वच्छ करून देतो. अशा वेळी कामाचा अभिप्राय असा असतो: ‘तिथे खरंच एवढं हिरवं होतं का? तुला आठवतं ते या फोटोत आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर रंग कमी करायला फोनमध्येच सोय असते.

आणि ‘वॉलपेपर मटेरियल’? ही तर फार नेमकी समीक्षा आहे, फक्त म्हणणाऱ्याला ते माहीत नसतं. जगातला बहुधा सर्वांत जास्त बघितला गेलेला लँडस्केप म्हणजे विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी. चार्ल्स ओ’रिअरने तो फोटो १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढला. त्या टेकडीवर एरवी द्राक्षाच्या वेली असत. कीड लागल्यामुळे त्या काढून टाकल्या होत्या, म्हणून त्या काळात तिथे नुसतं गवत होतं. झारकोव्स्कीच्या यादीतल्या ‘वेळ’ या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण मायक्रोसॉफ्टला तो चित्र म्हणून उपयोगी पडला त्याचं एक कारण उघड आहे: वर आयकॉन ठेवायला मोकळी जागा आणि नजर अडकावी असं काहीच नाही. वॉलपेपरचं काम मागे राहण्याचं असतं. तेव्हा कुणी तुमच्या फोटोला ‘वॉलपेपर’ म्हटलं तर आनंद मानायला हरकत नाही, पण एकदा तपासून बघा की त्यात बघण्यासारखं तुम्ही काय ठेवलंय.

विचारणाऱ्याचं काम

सगळा दोष उत्तर देणाऱ्यांचा नाही. ‘कसा आहे?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर येणार. आमच्या धंद्यात एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो. तपासायला देताना नुसतं ‘कसा आहे?’ म्हणून भागत नाही. हा बदल कशासाठी आहे, कुठे शंका आहे, ते लिहावं लागतं. तपासणाराही ‘छान’ लिहून सुटू शकत नाही आणि ‘नवा लॅपटॉप घे’ असं तर कुणीच लिहीत नाही. तो अमुक ओळीवर बोट ठेवतो आणि इथे असं का केलंस, म्हणून विचारतो. फोटो म्हणजे कोड नव्हे, त्यात चालतंय किंवा चालत नाही असा निकाल नसतो. पण बोट ठेवून बोलायची सवय तिथून उचलण्यासारखी आहे.

म्हणून विचारताना एवढं करा. काय दाखवायचं होतं ते एका वाक्यात सांगा. त्याच जागेचे दोन फोटो द्या आणि कुठला, का, ते विचारा. एका फोटोवर लोक मत देतात, दोन फोटोंवर कारण देतात. कुठे अडलं तेही सांगा: ऊन समोर होतं, मागे सरकायला जागा नव्हती. आणि मूळ फाईल दाखवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो, मग लोक त्या लहान झालेल्या प्रतीकडे बघून ‘शार्प नाही’ म्हणतात, आणि दोष फोनवर जातो.

अभिप्राय मिळाल्यावर त्याच फोटोकडे पुन्हा जायलाही हरकत नाही. ॲन्सेल ॲडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा १९४१ चा फोटो घ्या. संध्याकाळी गाडी थांबवून त्याने घाईघाईत मोठा कॅमेरा लावला, प्रकाश मोजायचं यंत्र सापडेना, म्हणून चंद्राची तेजस्विता आठवून हिशेब केला आणि एक निगेटिव्ह काढली. दुसरी काढायच्या आत क्रॉसवरचं ऊन गेलं होतं. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढची कित्येक दशकं तो त्याच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिला आणि त्याचं आकाश उत्तरोत्तर काळं होत गेलं. चौकट, जागा आणि वेळ त्या एका क्षणात ठरून गेली होती; उजेड-अंधाराचं काय करायचं ते तो पुढे ठरवत राहिला. फोनमधल्या फोटोलाही हेच लागू आहे. काय सुधारता येतं आणि कशासाठी परत त्या डोंगरावर जावं लागेल, हे वेगळं करून सांगणं हा चांगल्या अभिप्रायाचा भाग आहे.

मग कॅमेरा कधीच घेऊ नये का? घ्यावा. रात्रीचं आकाश नीट हवं असेल, एकामागे एक पुसट होत जाणाऱ्या लांबच्या रांगा चौकटीत जवळ ओढायच्या असतील, मोठ्या आकाराचा प्रिंट भिंतीवर लावायचा असेल, तर लहान सेन्सर आणि रुंद लेन्स खरोखरच आड येतात. पण ‘कॅमेरा घे’ हा सल्ला केव्हा द्यायचा, त्याला एक साधी कसोटी आहे. ‘तुला कुठे अडतंय?’ असं विचारावं. ‘समोरच्या रांगेचा तुकडा वेगळा काढायचाय, पण झूम केलं की सगळं फुटतं,’ असं नेमकं उत्तर आलं तर तो माणूस कॅमेऱ्यासाठी तयार आहे. ‘फोटो भारी येत नाहीत’ एवढंच आलं तर अजून बोलायचं बाकी आहे.

हे बोलणं अवघड जातं, कारण त्यात बोलणाऱ्यालाही काहीतरी पुढे करावं लागतं. ‘मस्त’ कधीच चुकत नाही. ‘माझी नजर डावीकडच्या झाडावर गेली’ म्हटलं की समोरचा म्हणू शकतो, ‘अरे, झाड बघायचंच नाहीये.’ चालेल. त्या एका वाक्यातून त्याला कळलं की झाड आहे.

पुढच्या शनिवारी कुणी फोटो पाठवून विचारलं तर अर्धा मिनिट नुसतं बघा. नजर आधी कुठे गेली ते लिहा, आणि एक असा बदल सुचवा ज्याला पैसे लागत नाहीत. ‘मस्त’ वाटलं असेल तर तेही लिहाच, फक्त काय मस्त ते सांगा.